हेमकुंडाची वाट

ज्या गुरु गोविंदसिंहांनी १७०८ साली नांदेड येथे देह ठेविला, त्यांच्या पूर्वजन्मीच्या तपाचे स्थान म्हणून शीख भाविक हिमालयातील हेमकुंड सरोवरास वंदन करितात.

तेथील बेत विचारपूर्वक आखावा. गोविंदघाटाहून सुमारे ३,००० मीटर उंचीवरील घांघरियास मुक्काम करावा. एक दिवस फुलांच्या दरीस द्यावा. मगच ४,००० मीटरांहून उंच असलेले सरोवर गाठावे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असतो. शिरूर अनंतपाळच्या पठारावर वाढलेल्या शरीरास त्या विरळ हवेची सवय होण्यास अवधी लागतो.

डोके दुखून ओकारी आल्यास लपवू नये, वाटाड्यास सांगावे. त्रास वाढल्यास तत्काळ खाली उतरावे. माघारी फिरणे हा भित्रेपणा नव्हे. सरोवर तेथेच राहील. घरी आई वाट पाहत असते.