रस्त्याचा खर्च कोणी द्यावा?

(घरासमोरचा रस्ता नवा झाला, तर त्याचा खर्च कोणी सोसावा? अमेरिकेतील शहरांत या प्रश्नाचे कोणते उत्तर शोधले गेले, ते या पाठात सांगितले आहे.)

अमेरिकेच्या उत्तर भागात मिनेसोटा नावाचे राज्य आहे. तेथे हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडते. रस्त्याच्या भेगांत मुरलेले पाणी गोठते, फुगते आणि रस्ता फुटतो. पुढे पुढे नुसते खड्डे बुजवून भागत नाही. जुना रस्ता उखडून नवा बांधावा लागतो. हे काम फार खर्चाचे असते.

तेथील अनेक शहरे या खर्चाचा काही भाग त्या रस्त्यालगतच्या घरमालकांकडून घेतात. याला 'विशेष आकारणी' म्हणतात. ती नेहमीच्या मालमत्ता करापेक्षा वेगळी असते. रस्ता सुधारला की लगतच्या घरांची किंमत वाढते. म्हणून ज्याचा खास फायदा झाला, त्याने खर्चाचा वाटा उचलावा, असा यामागचा विचार आहे.

हा वाटा कसा ठरवतात? समजा, एका रस्त्यावर ३० घरे आहेत आणि घरमालकांकडून १,२०,००० डॉलर घ्यायचे आहेत. प्रत्येक घराला सारखा वाटा दिला, तर प्रत्येकी ४,००० डॉलर येतील. दुसरी पद्धत रस्त्याकडील लांबी मोजण्याची. सर्व घरांची मिळून लांबी २,४०० फूट असेल, तर एका फुटाला ५० डॉलर पडतील. मग ६० फुटांच्या घराला ३,००० आणि १२० फुटांच्या घराला ६,००० डॉलर द्यावे लागतील. पण कोपऱ्यावरच्या घराचे काय? त्याच्या दोन बाजूंना रस्ता असतो. त्याने दोनदा पैसे द्यावेत का? म्हणून काही शहरे अशा घरांना सवलत देतात.

शहराने वाटेल तेवढी रक्कम मागितली तर? हा प्रश्न फार जुना आहे. ओहायो राज्यातील नॉरवुड या गावाने श्रीमती बेकर यांच्या जमिनीतून रस्ता काढला. जमिनीची भरपाई २,००० डॉलर ठरली. मग गावाने ती भरपाई आणि तिच्यासाठी झालेला खर्च बेकर यांच्याच उरलेल्या जमिनीवर आकारला! म्हणजे एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले. १८९८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे अमान्य केले. झालेल्या खास फायद्यापेक्षा फार जास्त रक्कम घेणे म्हणजे भरपाई न देता मालमत्ता घेणेच होय, असे न्यायालयाने सांगितले.

मिनेसोटातही घराची किंमत जेवढी वाढते, त्याहून जास्त आकारणी करता येत नाही. आकारणीपूर्वी घरमालकांना सूचना पाठवावी लागते आणि जाहीर सुनावणी घ्यावी लागते. तेथे कोणीही आपले म्हणणे मांडू शकतो. मात्र केवळ तोंडी तक्रार पुरत नाही. सहीनिशी लेखी हरकत दिली असेल, तरच सामान्यतः न्यायालयात दाद मागता येते. त्यासाठी आकारणी मंजूर झाल्यापासून ३० दिवसांची मुदत असते. ज्याने सूचनेचा कागद न वाचता बाजूला ठेवला, तो हा हक्क गमावून बसतो.

खरी अडचण गरीब आणि वृद्ध घरमालकांची होते. घराची किंमत वाढली, तरी घर विकल्याशिवाय तो पैसा हाती येत नाही. बिल मात्र आजच येते. म्हणून रक्कम व्याजासह वार्षिक हप्त्यांनी भरता येते. ज्यांना पैसे भरणे खरोखर कठीण आहे, अशा ६५ वर्षांवरील मालकांची वसुली पुढे ढकलण्याची सोय शहर करू शकते. हप्ते थकले, तर मात्र रकमेचा बोजा घरावर राहतो.

काही लोक म्हणतात, "रस्ता सगळे वापरतात, मग बिल आम्हालाच का?" हे म्हणणेही खोटे नाही. त्यामुळे काही शहरांनी ही पद्धत सोडून सर्वांच्या करातून रस्ते बांधणे पसंत केले आहे.

आपल्या महाराष्ट्रातही असा विचार आढळतो. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार, नगररचना योजनेमुळे भूखंडाची किंमत वाढली, तर मालकाकडून अंशदान घेता येते. मात्र ते वाढीच्या निम्म्याहून जास्त असू शकत नाही.

खर्च तर कोणाला तरी करावाच लागतो. तो न्यायाने वाटला जावा, यासाठी नागरिकाने हिशेब समजून घेतला पाहिजे आणि वेळेवर बोलले पाहिजे.

शब्दार्थ
आकारणी – कर किंवा रक्कम ठरवून लावणे
हरकत – आक्षेप, विरोध
दाद मागणे – न्याय मागणे
बोजा – भार
अंशदान – खर्चातील आपला वाटा

स्वाध्याय
१. मिनेसोटातील रस्ते का फुटतात?
२. श्रीमती बेकर यांच्यावर कोणता अन्याय झाला होता?
३. कारण सांगा : सूचनेचा कागद वेळीच वाचणे महत्त्वाचे असते.
४. हे शब्द उर्दूतही आहेत. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा : खर्च, मुदत, हक्क, मालक.
५. रस्त्याचा खर्च लगतच्या घरमालकांनी द्यावा की सर्वांनी? तुमचे मत पाच वाक्यांत लिहा.