बाळंतपणाचं बिल: पॅकेजच्या आत काय, बाहेर काय

दवाखान्यात नाव घालाल त्याच दिवशी खर्चाचं बोलून घ्या, फार तर सातव्या महिन्यापर्यंत. कळा सुरू झाल्यावर काउंटरवर कुणी घासाघीस करत नाही, आणि हे काउंटरवाल्यांनाही ठाऊक असतं.

आधी फुकटाचा रस्ता. सरकारी रुग्णालयात बाळंतपण मोफत आहे, नॉर्मल असो वा सिझेरियन. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, नॉर्मलला तीन आणि सिझेरियनला सात दिवसांपर्यंत जेवण, शिवाय आणायला-सोडायला गाडी, सगळं येतं. गाडीसाठी १०२, तातडीच्या प्रसंगी १०८. उत्पन्नाची अट नाही, रेशनकार्डाचा रंग कुणी विचारायचा नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तीही करून घ्या. औषध ‘बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी हातात पडली, तर मेडिकलकडे धावण्याआधी वैद्यकीय अधीक्षकांना भेटा. राहिली ‘खुशी’. बाळ दाखवायला मावशी पैसे मागतात, आणि कुठेकुठे मुलग्याचा भाव मुलीपेक्षा चढा असतो. एक रुपयाही देणं लागत नाही.

आता खासगी. ढोबळमानाने तालुक्याच्या गावी नॉर्मल बाळंतपण वीस ते चाळीस हजारांत होतं, सिझेरियन त्याच्या दुप्पट. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात सिझेरियन लाखाच्या पुढेच धरा. पण हा झाला पॅकेजचा आकडा. बिल त्यावर थांबत नाही.

पॅकेजचा कागद हातात घ्या आणि एकेक विचारा. भूलतज्ज्ञाची फी आत आहे का? बाळंतपणाच्या वेळी हजर राहणाऱ्या बालरोगतज्ज्ञाची? बाळाची वेगळी फाइल करून त्याचा पाळणा आणि रोजची तपासणी वेगळी लावता का? ग्लोव्हज, टाके, सलाइनच्या नळ्या, डायपर आत की बाहेर? रात्रीचा, रविवारचा जादा दर? वेदनारहित प्रसूतीचं इंजेक्शन किती? आणि सर्वांत महत्त्वाचं: दिवसभर कळांची वाट पाहून शेवटी सिझेरियन झालं, तर एकच पॅकेज लागतं की लेबर रूमचे वेगळे? आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागतं. तेही बहुधा पॅकेजबाहेर. उत्तरं त्याच कागदावर लिहून सही-शिक्का मागा. सही द्यायला कांकू करणारं रुग्णालय मी तरी टाळेन.

खोलीचं गणित खास समजून घ्या. जनरल वॉर्डऐवजी स्पेशल रूम घेतली की फक्त भाडं वाढतं असं नाही. बऱ्याच ठिकाणी डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर, तपासण्या सगळेच दर खोलीप्रमाणे चढतात. त्यात खोलीभाडं रोज ५,००० रुपयांच्या वर गेलं की त्यावर ५ टक्के जीएसटी. दरपत्रक दर्शनी भागात लावणं महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनी रुग्णालयांना बंधनकारक आहे. दिसलं नाही तर मागा.

बाळाला पेटीत ठेवावं लागलं तर घरचं अंदाजपत्रक कोलमडतं. एनआयसीयूचा दर रोजचा असतो आणि तो पॅकेजात कधीच नसतो. म्हणून दोन गोष्टी आधीच पाहून ठेवा. एक, जवळचं कोणतं रुग्णालय महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आहे. तिथल्या आरोग्यमित्राला नवजात बाळाच्या उपचारांबद्दल विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. दोन, धर्मादाय रुग्णालय. तिथे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर मोफत आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर सवलतीत उपचारांसाठी दहा-दहा टक्के खाटा राखीव असतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवायची त्यांना परवानगी नाही.

विमा असेल तर पॉलिसी आज उघडा. वैयक्तिक पॉलिसीत बाळंतपणासाठी बहुधा दोन ते चार वर्षं थांबावं लागतं, म्हणजे दिवस गेल्यावर घेतलेली पॉलिसी या खेपेला उपयोगाची नाही. कंपनीच्या ग्रुप विम्यात सहसा थांबावं लागत नाही, पण मर्यादा असते, पन्नास हजारांसारखी. बाळ पहिल्या दिवसापासून धरलंय का, तेही विचारा. कॅशलेस डिस्चार्जला विमा कंपनीने तीन तासांत मंजुरी द्यायची, असा आयआरडीएआयचा २०२४ चा आदेश आहे. त्यांच्या उशिरामुळे खोलीचं भाडं वाढलं तर तो भुर्दंड कंपनीचा, तुमचा नाही.

गर्भनाळेतलं रक्त साठवायला सांगणारे प्रतिनिधी तुम्हाला ओपीडीच्या बाकड्यावर गाठतील. हजारोंचं पॅकेज, वर हप्त्यांची सोय. अशा खासगी साठवणुकीची शिफारस आयसीएमआर करत नाही. सरळ नाही म्हणा. जन्मल्याबरोबरच्या बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस-बी या लसी सरकारी केंद्रात मोफत असतात, खासगीत पॅकेजबाहेर.

हातात येणारे पैसेही सोडू नका. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र कुटुंबाला पहिल्या बाळासाठी दोन हप्त्यांत ५,००० रुपये मिळतात; दुसरी मुलगी झाली तर ६,०००. अर्ज अंगणवाडी सेविकेकडे किंवा आशाताईंकडे. खातं आईच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं हवं. पैसे अडकतात ते हमखास इथे: पासबुकावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. पाचव्या महिन्यातच दुरुस्त करा.

शेवटचा कागद जन्मदाखल्याचा. २१ दिवसांत नोंद मोफत, पुढे विलंब शुल्क, वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांच्या शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो. बाळाचं नाव ठरलं नसेल तरी नोंद अडत नाही. नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. डिस्चार्जच्या दिवशी रुग्णालयाने भरलेला फॉर्म मागून घ्या आणि आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग आधारशी अक्षर न् अक्षर ताडून मगच सही करा.