चाळीस रुपयांचं लॅमिनेशन

मुलाची इंजिनिअरिंगची पदवी घरी आली त्या दिवशी मी ती स्वतः कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या दुकानात नेली आणि लॅमिनेट करून आणली. चाळीस रुपये झाले. पाणी लागायला नको, कोपरे दुमडायला नकोत, एवढाच हेतू. नऊ वर्षांनी त्याच प्लास्टिकनं आमचं दुबईचं काम दीड महिना अडवून धरलं.

शिरोली एमआयडीसीत आमचं मशीनिंगचं युनिट आहे. दुबईतल्या एका ग्राहकाच्या आग्रहावरून तिथं शाखा काढायची ठरली. मुलगा, सून आणि नात तिकडं राहायला जाणार. शेजाऱ्यांची मुलगी नेदरलँड्सला गेली तेव्हा ‘अपोस्टिल’ हा शब्द कानावर पडला होता. तेवढ्या भांडवलावर मी एका एजंटाकडं सगळा गठ्ठा सोपवला: पदवी, विवाहाचा दाखला, नातीचा जन्मदाखला, कंपनीचे कागद. ‘अपोस्टिल करून द्या’ म्हणालो. कुठल्या देशासाठी, हे त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पदवी तेवढी लगेच परत आली. बाकीच्या कागदांवर पाठीमागं सुरेख स्टिकर लागून आले. दुबईच्या कामासाठी त्या स्टिकरचा उपयोग शून्य.

अपोस्टिल म्हणजे 5 ऑक्टोबर 1961 च्या हेग करारातला शिक्का. करारातल्या देशांनी एकमेकांचा हा एकच शिक्का मानायचा, पुढं दूतावासात जायचं कारण नाही. भारतात हा करार जुलै 2005 पासून लागू आहे. पण संयुक्त अरब अमिराती त्यात नाही. म्हणजे दुबईसाठी लांबची वाट: राज्य शासन, मग दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा दूतावास, आणि तिकडं पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा आणखी एक शिक्का. ‘आखातात जायचंय’ एवढं सांगूनही भागत नाही. ओमान आणि बहरीन करारात आहेत, सौदी अरेबिया डिसेंबर 2022 पासून आला. चीन नोव्हेंबर 2023 पासून, कॅनडा जानेवारी 2024 पासून. जर्मनीची तर गंमतच. जर्मनी करारात आहे, आपणही आहोत, पण आपल्या प्रवेशाला त्यांनी हरकत घेतल्यामुळं आपलं अपोस्टिल तिथं चालत नाही. तेव्हा शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नका. हेग परिषदेच्या संकेतस्थळावर देशांची यादी असते ती बघा, आणि जिथं कागद द्यायचाय त्या कचेरीला किंवा कंपनीला ‘नेमका कुठला शिक्का हवा’ हे लेखी विचारा.

आता त्या पदवीचं. हे सगळे शिक्के कागदाच्या पाठीवर उमटवायचे असतात. प्लास्टिकवर ना शाई धरते ना सही. मला वाटलं, काढून टाकू. इस्त्री गरम करून एक कोपरा सोडवून पाहिला, तर कागदाचा पापुद्रा आणि कुलसचिवांच्या सहीचं शेपूट प्लास्टिकसोबत निघून आलं. घरात दोन दिवस कुणी माझ्याशी धड बोललं नाही. शेवटी विद्यापीठाकडं दुय्यम प्रतीसाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र, शुल्क आणि वाट बघणं. ती आल्यावर पडताळणी, आणि त्यानंतर कुठं राज्याच्या शिक्षण विभागाचा शिक्का.

शैक्षणिक कागद शिक्षण विभागाकडं, जन्म-विवाहाचे कागद गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाकडं आणि व्यापारी कागद चेंबर ऑफ कॉमर्सकडं, अशा तीन वेगळ्या दारांनी आत शिरून सगळे परराष्ट्र मंत्रालयात एकत्र येतात. मंत्रालय 2012 पासून लोकांकडून थेट कागद घेत नाही, नेमलेल्या एजन्सींमार्फतच घेतं. 2019 पासून मात्र प्रत्येक कागद दिल्लीलाच गेला पाहिजे असं नाही, मुंबईसह काही शहरांतही काम होतं. अपोस्टिलचं सरकारी शुल्क 50 रुपये आहे, वर एजन्सीचा थोडा सेवाआकार. माझ्या एजंटानं एकेका कागदाला साडेतीन हजार घेतले, तेही चुकीच्या शिक्क्याचे. एजंट नेमूच नये असं मी म्हणणार नाही, कोल्हापूरहून मुंबईला राज्याच्या मंत्रालयाच्या खेपा घालणं परवडत नाही. पण सरकारी शुल्क किती आणि मेहनताना किती हे वेगळं लिहून मागा. कागद परत आला की स्टिकरवरचा क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकून बघा.

माझी खरी फजिती मात्र पुढंच होती. नातीच्या जन्मदाखल्यावर एकूण एक शिक्के बरोबर बसले, आणि दुबईत व्हिसाच्या टेबलावर तो नापास झाला. आमच्याकडं सुनेचं नाव बदलायची पद्धत. लग्नात मुलानं तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले. नात झाली तेव्हा दवाखान्याचा फॉर्म मी भरला आणि आईच्या नावाच्या रकान्यात हौसेनं तेच ताटातलं नाव लिहिलं. पासपोर्टवर तिचं माहेरचं नाव, जे तिनं कधी बदललंच नव्हतं. तिकडच्या कारकुनाच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका. महापालिकेत जाऊन नोंदीत दुरुस्ती, प्रतिज्ञापत्रं, दवाखान्याची नोंद, नवा दाखला, आणि मग सगळे शिक्के पहिल्यापासून.

मी चिडून एजंटाला म्हणालो, ‘एवढ्या कचेऱ्यांतून कागद फिरला, एकालाही नाव दिसलं नाही?’ तो म्हणाला, ‘साहेब, नाव कोण वाचतंय? प्रत्येक जण फक्त आधीची सही ओळखतो.’ त्याच्याकडून मिळालेली ही एकच गोष्ट पैसे वसूल करणारी. अपोस्टिल असो की दूतावासाचा शिक्का, तो सही आणि मोहोर खरी आहे एवढंच सांगतो, मजकुराची हमी कुणीच घेत नाही. म्हणून पहिला शिक्का बसण्याआधी पासपोर्ट शेजारी ठेवून प्रत्येक कागद अक्षरन् अक्षर वाचा. मधलं नाव, आडनावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, गाव. फरक निघाला तर आधी दुरुस्ती किंवा गॅझेटमध्ये नावबदलाची नोंद, शिक्के नंतर.

धंद्याच्या कागदांत मी एवढा मार खाल्ला नाही, पण खाल्ला. संचालक मंडळाचा ठराव, कंपनी नोंदणीचं प्रमाणपत्र, मेमोरँडम आणि मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र असे कागद होते. कुलमुखत्यारपत्रात ‘कंपनीचे सर्व व्यवहार पाहण्याचा अधिकार’ असं मोघम लिहिलं होतं. तिकडच्या बँकेनं विचारलं, खातं उघडण्याचा अधिकार कुठं लिहिलाय? नव्हता लिहिला. खातं उघडणं, जागेचा भाडेकरार करणं, परवान्याच्या अर्जावर सही करणं, एकेक अधिकार नाव घेऊन लिहून घ्या. मसुदा आधी तिकडच्या माणसाला दाखवा आणि मगच नोटरीकडं जा, कारण व्यापारी कागदाला दूतावासाचं शुल्क घरगुती कागदाच्या कितीतरी पट पडतं आणि ते दुसऱ्यांदा भरताना जीव कळवळतो. अरबी भाषांतर इथं करून नेऊ नका. ते तिकडच्या न्याय मंत्रालयाचा परवाना असलेल्या भाषांतरकाराचंच लागतं.

शाखा सुरू झाली, नात तिकडं शाळेत जाते. धाकट्या मुलीची पदवी गेल्या वर्षी आली, ती साध्या प्लास्टिकच्या पिशवीत कपाटात आहे. तुमच्या घरच्या फाइलमध्ये लॅमिनेट केलेलं एखादं प्रमाणपत्र असेल, तर परदेशाचा विषय निघायची वाट बघू नका, दुय्यम प्रतीचा अर्ज याच आठवड्यात टाका. आणि त्या कोपऱ्याला इस्त्री लावू नका.