नवा रेक्टिफायर बसवण्याआधी

चि. भाच्यास,

बोटी शाकारून झाल्या, आता मोटरी उघडायचे दिवस. तुझ्या हाती पहिल्याच पावसाळ्यात तीस वर्षांची टू-स्ट्रोक आऊटबोर्ड आली आहे, बॅटरी चार्ज होत नाही आणि मालकाने नवा रेक्टिफायरही आणून दिलाय, असं ताईने कळवलं. तो बसवण्याआधी मालवणच्या एका वयस्कर मेस्त्रींची रीत ऐक.

हे मेस्त्री पाना नंतर उचलतात, आधी बॅटरीच्या केबली हाताने हलवून बघतात. खाऱ्या हवेत तांब्यावर कळंक चढतं आणि ते इन्सुलेशनच्या आतून, नजरेआड, पुढे सरकत जातं. एकदा त्यांनी वरून धडधाकट दिसणारी केबल कापली, तर आतून हिरवी भुकटी सांडली. त्या मालकाने तोवर दोन रेक्टिफायर जाळले होते. चालत्या मोटरीतून बॅटरी क्षणभर जरी सुटली, तरी स्टेटरची, म्हणजे फ्लायव्हीलखालच्या कॉइलची, वीज जायला जागा उरत नाही, व्होल्टेज एकदम उसळतं आणि रेक्टिफायरमधले डायोड जातात. बॅटरी उलटी जोडली तर एवढाही वेळ लागत नाही.

मग मीटर. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी मोटर बंद असताना साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. मोटर पाण्यात चालवून आकडा 13.8 ते 14.5 च्या आसपास गेला, तर चार्जिंग ठीक. जागचा हलला नाही, तर वीज पोचत नाही. पंधराच्या वर गेला, तर बॅटरी उकळणार. जुन्या लहान मोटरींत पुष्कळदा रेग्युलेटर नसतोच, नुसता रेक्टिफायर असतो. जादा वीज बॅटरीनेच पचवायची. म्हणून तिथे पाणी घालायची बॅटरीच हवी. मेंटेनन्स-फ्री बॅटरी आतून सुकते, आणि दोष नव्या रेक्टिफायरवर येतो.

स्टेटर तपासताना मेस्त्री आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवतात. पिनांचाच अर्धा ओहम निघाला, तर तो वजा करायचा, कारण चार्जिंगच्या कॉइलचा रोध मुळातच फार कमी असतो. या कॉइलच्या दोन वायरी यामाहात बहुधा हिरव्या, जॉन्सनमध्ये पिवळ्या. त्यांच्यापैकी एकही बॉडीला लागलेली दिसता कामा नये. फ्लायव्हीलखालून तपकिरी डिंकासारखं काही ओघळलेलं दिसलं, तर तो स्टेटर तापून वितळलाय. मग तो बदलायचाच.

फ्लायव्हील काढताना मात्र घाई नको. मधल्या भोकांत बोल्ट बसतील असाच पुलर वापरावा. कडेला पकडणाऱ्या पुलरने फ्लायव्हील वाकतं, हातोड्याने आतली चुंबकं सुटतात. चुंबक सुटलं, तर पुढच्या वेळी मोटर सुरू होताच ते नव्या स्टेटरचा चुरा करतं. परत बसवताना शाफ्टचा निमुळता भाग पेट्रोलने पुसून कोरडा करायचा, ग्रीस अजिबात नाही. चावी खाचेत नीट बसवायची आणि नट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळायचा. इथे अंदाज चालवला, की चावी तुटते आणि टायमिंग सरकतं.

पार्टचं म्हणशील, तर यामाहाचे अजून मिळतात. जॉन्सन-इव्हिनरूड बनवणारी मूळ कंपनी 2000 साली दिवाळखोरीत गेली. पुढे बोंबार्डियेच्या हाती गेलेल्या इव्हिनरूडचं उत्पादन 2020 मध्ये थांबलं. तिथे बहुतेक वेळा दुसऱ्या कंपनीचाच पार्ट घ्यावा लागतो. तो दिसतो कसा हे बघून घेऊ नये. मोटरीचा मॉडेल नंबर आणि स्टेटर किती अँपियरचा हे जुळवून घ्यावा.

काम झालं, की मेस्त्री बॅटरीच्या टर्मिनलवरचे पाकळीचे नट काढून टाकतात आणि लॉकनट लावतात. बोट लाटांवर आपटते, पाकळीचे नट सैल होतात. मग मोटर पिंपात चालवून व्होल्टेज घेतात, आणि तारीख नि आकडा मोटरीच्या टोपाच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने लिहितात. तुझ्या मोटरीच्या टोपात कुणी असं लिहिलंय का, ते आधी बघ. बॅटरीची केबल कापून बघितलीस, तर आत काय निघालं, तेही कळव.

तुझा मामा