हॅलोविन, आपली मुले आणि नोव्हेंबरचे पहिले दोन दिवस



ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. तो संपत आला की अलीकडे काही घरांत एक नवाच प्रश्न उभा राहतो. शाळेतून किंवा सोसायटीतून निरोप येतो, ‘३१ तारखेला मुलांना हॅलोविनच्या पोशाखात पाठवा.’ दुकानांत काळ्या टोप्या आणि प्लास्टिकचे सांगाडे टांगलेले असतात. परदेशातील नातवंडांचे भुताच्या वेषातले फोटो मोबाइलवर येतात. मग आजी म्हणते, ही तर सैतानाची पूजा! आई म्हणते, पोरांची गंमत आहे, एवढे काय? आपण कोणाचे ऐकावे?

आधी नाव पाहू. ‘हॅलोविन’ म्हणजे ‘ऑल हॅलोज ईव्ह’, सर्व पवित्र जनांच्या सणाची पूर्वसंध्या. इंग्रजीतील प्रभूच्या प्रार्थनेत देवाच्या नावाबद्दल जो ‘हॅलोड’ शब्द येतो, तोच हा शब्द. म्हणजे नाव आपल्याच ख्रिस्तसभेच्या पंचांगातून गेलेले आहे. नाताळची जशी पूर्वसंध्या असते, तशीच १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाचीही होती. त्या दिवशी उपास असे, मांस वर्ज्य असे. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली उपासनाविधी सुटसुटीत केला तेव्हा ही पूर्वसंध्या पंचांगातून निघाली. सण राहिला, संध्याकाळ मात्र रिकामी झाली. रिकाम्या जागेत बाजार शिरतो, हे काही नवे नाही.

आयर्लंडमध्ये याच सुमारास ‘साव्हिन’ नावाचा हिवाळ्याच्या आरंभाचा जुना सण असे. तोच दडपण्यासाठी ख्रिस्तसभेने आपला सण १ नोव्हेंबरला आणला, असे सर्रास सांगितले जाते. ते तितकेसे खरे दिसत नाही. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोममध्ये संत पेत्राच्या मंदिरात सर्व संतांसाठी एक प्रार्थनालय अर्पण केले. पुढे पोप चौथे ग्रेगरी यांच्या काळात, ८३५ साली, १ नोव्हेंबर ही तारीख फ्रँक राज्यात लागू झाली. गंमत अशी की, इ.स. ८०० च्या सुमारास खुद्द आयरिश लोक हा सण २० एप्रिलला पाळत असत! त्यानंतर क्लुनी मठाचे अधिपती संत ओडिलो यांनी इ.स. १००० च्या आसपास आपल्या मठांत २ नोव्हेंबरला सर्व मृतांसाठी प्रार्थना सुरू केली आणि ती सगळीकडे पसरली.

दारोदार खाऊ मागण्याची रीतही पाहा. जुन्या इंग्लंडमध्ये गरीब माणसे आणि मुले या दिवसांत घरोघर जात. घरची बाई त्यांना ‘सोल केक’ नावाची लहान गोड भाकरी देई आणि ती मुले त्या घरातील मेलेल्या माणसांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करीत. खाऊच्या बदल्यात प्रार्थना! आयर्लंडमध्ये सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. १८४५ नंतरच्या दुष्काळात लाखो आयरिश लोक अमेरिकेला गेले. तिकडे सलगमऐवजी मोठा भोपळा सोयीचा पडला. पुढे विसाव्या शतकात प्रार्थना गळून गेली, खाऊ उरला, आणि त्याबरोबर ‘नाही दिलात तर खोडी काढू’ ही धमकी आली. आज आपल्याकडे येते ते हे उरलेसुरले.

तेव्हा मुलाने भोपळा कोरला किंवा वेष घातला म्हणून पाप लागत नाही, असे आम्हांला वाटते. पण एका गोष्टीला ठाम नकार द्यावा. मोठी मुले अशा रात्री वाटी किंवा नाणे घेऊन प्लँचेटला बसतात. मृतांना बोलावणे, भविष्य विचारणे हे गंमत म्हणूनसुद्धा नको. कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २११६ व्या परिच्छेदात हे स्पष्टपणे निषिद्ध ठरविले आहे. रक्तबंबाळ मुखवटेही घरात आणू नयेत. लहान मूल दिवसा हसते आणि रात्री आईला बिलगून झोपते, हे आपण जाणतोच.

आमची खरी काळजी वेगळीच आहे. ज्या घरात याच वर्षी आजोबा वारले, त्या घरातील सहा-सात वर्षांच्या मुलाला सांगाडा आणि थडगे ही थट्टेची वस्तू म्हणून दाखविली जाते. ते मनात विचारते, ‘आजोबा पण आता भूत झाले का?’ बहुधा ते मोठ्याने विचारत नाही. आपणच विषय काढावा. आजोबा भूत झाले नाहीत. ते देवाच्या हाती आहेत, आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करतो आणि ती त्यांना उपयोगी पडते. एवढे सोपे उत्तर पुरते. शुद्धिस्थानाचे धडे नंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात होतील.

वेषाची हौस असेल तर संतांचे वेष करावेत. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांच्यासाठी तपकिरी झगा आणि कमरेला गाठी मारलेला दोर पुरे; तो आईच्या जुन्या साडीतूनही निघतो. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत पंचवीस सोबत्यांसह ते क्रुसावर रक्तसाक्षी झाले. ही गोष्ट कुठल्याही भुताच्या गोष्टीपेक्षा थरारक आहे, आणि खरी आहे. मुलाला ती स्वतःच्या तोंडाने सांगू द्यावी. आजच्या मुलांना जवळचा वाटेल असा संत हवा असेल तर संगणकात रमणारे कार्लो अकुतिस आहेत. ते पंधराव्या वर्षी वारले आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी त्यांना संतपद मिळाले. त्यांना वेष लागतच नाही, जीन्स आणि बूट चालतात!

आणि २ नोव्हेंबरला मुलांना कबरस्तानात अवश्य न्यावे. ‘लहान आहेत, घाबरतील’ म्हणून पुष्कळ जण त्यांना घरी ठेवतात. उलट, फुले वाहिलेल्या आणि मेणबत्त्या लावलेल्या कबरींमध्ये, आईबाबांचा हात धरून उभे असलेले मूल घाबरत नाही. कबर झाडण्याचे, पाणी आणण्याचे काम त्याला द्यावे. दगडावरची नावे त्याला वाचू द्यावीत आणि हे तुझे पणजोबा, ही माझी आत्या, असे नाते सांगावे. ज्या कबरीवर कोणीच मेणबत्ती लावलेली नाही, तिथे एक त्याच्या हातून लावावी. १ ते ८ नोव्हेंबरपर्यंत कबरस्तानाला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्यांना, पापनिवेदन, ख्रिस्तशरीर आणि पोपमहोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना या नेहमीच्या अटींवर, मृतात्म्यांना अर्पण करता येईल अशी पूर्ण दंडमाफी मिळते. त्यामुळे २ तारखेला कामावर जावे लागणाऱ्यांनी त्या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी मुलांना घेऊन जावे.