खारी हवा आणि सुरू न होणारा संगणक

अलिबागजवळच्या नागावात समुद्राच्या गाजेच्या टप्प्यात घर असलं की खिडकीचे गज, सायकलची चेन, गॅसची शेगडी सगळंच गंजत असतं. घरातला संगणक त्यातून कसा सुटणार? मी घरूनच हिशेबाचं काम करते, त्यामुळे तो अडला की माझं काम अडतं. वाडीतल्या होमस्टेवाल्यांचा किंवा शाळकरी मुलांचा संगणक अडला तरी बघायला मलाच बोलावतात. इतकी वर्षं हे केल्यावर माझं ठाम मत झालं आहे की आपल्या किनाऱ्यावर "गेला" म्हणून सांगितलेले बहुतेक संगणक गेलेले नसतात. कारण साधं असतं. ते भिंतीतल्या प्लगपासून आतपर्यंत क्रमाने शोधावं लागतं, एवढंच.

१. "चालू होत नाही" एवढं सांगून भागत नाही.

फोनवर मी पहिला प्रश्न हाच विचारते, "काकू, बटण दाबल्यावर नक्की काय होतं?" काहीच होत नसेल, पंखाही फिरत नसेल, तर विजेकडे बघायचं. पंखा फिरतोय पण डिस्प्ले येत नाही, तर रॅम, मॉनिटर किंवा केबल. कंपनीचं नाव येऊन तिथेच अडकत असेल तर हार्ड डिस्क किंवा आतली सेटिंग. विंडोजपर्यंत जाऊन मागे फिरत असेल तर यंत्र बहुधा ठीक आहे, बिघाड विंडोजमध्ये आहे. एवढं उत्तर मिळालं की निम्मं काम झालं. आणि हो, यूएसबीला लावलेला पेन ड्राइव्ह आधी काढायला सांगते. कित्येक संगणक त्यातूनच सुरू व्हायला बघतात आणि अडकून बसतात.

२. आधी भिंतीतली वीज, मग संगणक.

आपल्याकडे वीजतारा नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जातात. झावळी पडून न्यूट्रल तुटला तर घरात २३० व्होल्टच्या जागी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब चढू शकतो. काही दिवे एकदम लख्ख आणि काही मंद दिसले तर मेन स्विच लगेच बंद करावा. संगणक वाचतो, फ्रीजही वाचतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटरचा होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागातल्या कित्येक गावांत पुढे आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. इतक्या मोठ्या खंडानंतर वीज आली की पहिल्या तासात संगणक लावू नये. आधी दिवे आणि पंखे स्थिर चालतात का ते बघावं.

जुना यूपीएसही बराच वेळा फसवतो. त्याची बॅटरी दमली की सुरुवातीचा भार पेलवत नाही, आणि दोष मात्र संगणकाच्या माथी बसतो. म्हणून तपासताना यूपीएस बाजूला ठेवून थेट भिंतीतल्या सॉकेटला लावून पाहायचं. सीपीयूच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल तर अर्थिंग नीट नाही. तिथे वायरमनलाच बोलवायचं. विजा चमकू लागल्या की प्लगबरोबर इंटरनेटची वायरही काढायची, कारण तांब्याच्या वायरीतून आलेला झटका थेट मदरबोर्डला लागतो.

३. मिठाला पाणी सुटतं, तसं संगणकाच्या आतही सुटतं.

मे महिन्यात बिनतक्रार चालणारा संगणक जुलैत का बंद पडतो, याचं उत्तर मिठात आहे. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ धुळीत मिसळून बोर्डावर बसतं. कोरडं असेपर्यंत ते फारसं त्रास देत नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं आणि हे खारं पाणी वीज वाहून नेतं. पावसाळ्यात आपल्याकडची हवा दिवसचे दिवस त्याच्या वर असते. मग बोर्डावर जिथे वीज जायची नाही तिथून ती जाऊ लागते, आणि तांब्यावर हिरवट बुरशीसारखा थर धरतो.

सर्वांत जास्त हाल बंद घरातल्या संगणकांचे होतात. मुंबईची मंडळी गणपतीला येतात, घर उघडतात, भिंतींना ओल, गाद्यांना कुबट वास, आणि आल्या आल्या मुलं संगणकाचं बटण दाबतात. मी दरवर्षी सगळ्यांना हेच सांगते की पहिल्या दिवशी बटणाला हात लावू नका. सीपीयूचं एका बाजूचं झाकण काढा, मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा, समोर टेबलफॅन रात्रभर लावून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी बघा. ओलाव्यात वीज सोडली तर जे वाळून सुधारलं असतं ते जळून जातं. इथे राहणाऱ्यांनी उलट करावं. पावसाळ्यात संगणक रोज थोडा वेळ तरी चालवावा, आतली ऊब त्याला कोरडं ठेवते. वर प्लॅस्टिकचं कव्हर मात्र घालू नये, त्यात दमट हवा कोंडते.

४. डिस्प्ले येत नाही, तर आधी रॅम.

पंखा फिरतोय, पडदा काळा आणि आतून लांब बीप येत राहते. बऱ्याच मदरबोर्डवर याचा अर्थ रॅम लागत नाही असा असतो, जरी बीपची भाषा कंपनीगणिक बदलते. प्लग काढायचा, मग पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं म्हणजे आत उरलेली वीज उतरते. सीपीयूच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवायची. रॅमच्या दोन्ही बाजूंच्या खिट्या उघडून ती काढायची, सोनेरी पट्ट्यांवरून पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा, कण ब्रशने झाडायचे, पट्ट्यांना बोट न लावता परत बसवायची. दोन्ही खिट्या टक् करून लागल्या पाहिजेत. त्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, म्हणून घासू नये. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघावी. हा उपाय आपल्या भागात इतक्यांदा लागू पडतो की दुकानात न्यायच्या आधी तो करून पाहावा असं मी प्रत्येकाला सांगते.

५. तारीख चुकली असेल तर सेल बदला.

मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२. आकडा त्याचं मापच सांगतो: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. तो ३ व्होल्टचा असतो. तो संपला की तारीख-वेळ मागे जाते आणि आतली सेटिंग मूळपदावर येतात. मग कधीकधी हार्ड डिस्क धडधाकट असूनही विंडोज सुरू होत नाही. सेल घड्याळजीकडेही मिळतो.

६. एसएमपीएस उघडू नका.

एसएमपीएस म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा आतला डबा. त्यात पाल शिरून शॉर्ट झालेली मी पाहिली आहे, मुंग्यांचं वारूळही पाहिलं आहे. जळका वास आला की कळतंच. पण प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज साठून राहू शकते. घरी तो उघडायचा नाही, सरळ नवा बसवायचा. न वापरलेल्या सॉकेटची आणि मागच्या पट्ट्यांची भोकं झाकलेली असली की पाली येत नाहीत.

७. विंडोज परत परत फिरत असेल तर घाबरू नका.

सुरू होताना लागोपाठ लाईट गेली की विंडोज आपणहून दुरुस्तीच्या पडद्यावर जाते. तिथे स्टार्टअप रिपेअर, सिस्टिम रिस्टोर आणि सेफ मोड असतात. याच क्रमाने वापरून बघावं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणकसुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले, आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. त्यातले कित्येक संगणक सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढल्यावर पूर्ववत झाले. नव्या लॅपटॉपवर मात्र अशा वेळी डिस्क कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागितली जाऊ शकते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. संगणक चालू असतानाच ती कागदावर उतरवून कपाटात ठेवावी.

८. "फॉरमॅट मारावं लागेल" याला लगेच हो म्हणू नका.

इथे मला खरंच कळकळीने बोलावंसं वाटतं. फॉरमॅट मारल्यावर संगणक सुरू होतो, पण वारलेल्या आजोबांचे फोटो, जमिनीचे स्कॅन केलेले उतारे, होमस्टेचं बुकिंग परत येत नाही. आधी फाइल, मग यंत्र. दुसऱ्या संगणकावर उबुंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचा पेन ड्राइव्ह तयार करून त्यावरून अडलेला संगणक सुरू केला की, डिस्क कुलूपबंद नसेल तर, फाइल बाहेर काढता येतात. हार्ड डिस्कमधून टक्-टक् आवाज येत असेल तर मात्र काहीही करू नये. लगेच बंद करून डेटा काढणाऱ्या जाणकाराकडे न्यावी. प्रत्येक जास्तीच्या प्रयत्नाने आतली तबकडी खरवडली जाऊ शकते.

९. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा.

रॅमही काढली, सेलही बदलला, केबलही हलवली आणि संगणक सुरू झाला, तर दोष कशात होता ते कळत नाही आणि पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून करावं लागतं. लिहून ठेवण्याचं मोल काय, ते आपल्या जवळच दिसतं. अलिबागच्या भूचुंबकीय वेधशाळेत १९०४ पासून नोंदी घेतल्या जातात.  त्या सलग नोंदींमुळेच पृथ्वीच्या चुंबकत्वातले बारीक बदल ओळखता येतात. आपल्याला तेवढं नको, पण सीपीयूजवळ एक वही असावी: तारीख, काय झालं, काय बदललं.

मे महिन्यात आगोट भरताना सुकी मासळी, मसाला, तांदूळ यांच्या यादीत एक ओळ वाढवा. बाहेरची हार्ड डिस्क काढा, सगळ्या फाइल तिच्यात उतरवा, आणि ती सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पहिला पाऊस पडायच्या आत हे नक्की करा.