तेलकट त्वचा : कारणे आणि काळजी

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील नेपानगर हे कागद कारखान्याभोवती वसलेले गाव. वृत्तपत्री कागदाचे उत्पादन येथे १९५५ साली सुरू झाले. निमाडातील उन्हाळा कडक असतो. अशा गावात एकाच घरातील, एकच अन्न खाणाऱ्या दोन भावंडांपैकी एकाचा चेहरा दुपारपर्यंत तुपकट होतो, तर दुसऱ्याचा कोरडा राहतो. पहिल्यास अस्वच्छतेचा दोष दिला जातो. हा समज चुकीचा आहे.

तेल येते कोठून?

तळहात व तळपाय वगळता शरीराच्या बहुतेक सर्व त्वचेत सूक्ष्म स्नेहग्रंथी असतात. चेहरा व डोके येथे त्या सर्वांत दाट असतात. त्यांतील पेशी स्निग्ध द्रव्याने भरून फुटतात आणि ते द्रव्य केसाच्या मुळाशेजारून पृष्ठभागावर येते. त्वचा मऊ राहण्यास त्याची मदत होते. म्हणजेच हे तेल मळ नव्हे.

काहींनाच अधिक का?

स्नेहग्रंथींचे कार्य मुख्यतः पुरुषी संप्रेरकांवर अवलंबून असते. ही संप्रेरके स्त्रियांच्या शरीरातही अल्प प्रमाणात असतात. पौगंडावस्थेत ती वाढतात, म्हणून त्या वयात चेहरा तेलकट होतो. ग्रंथींचा आकार व त्यांची संवेदनशीलता बऱ्याच अंशी आनुवंशिक असते. एकसारख्या जुळ्यांत तेलाचे प्रमाण जवळजवळ समान आढळले आहे. मुरमांची तीव्रता मात्र भिन्न आढळली. उष्णतेने स्रावाचा प्रवाह वाढतो व त्यात घाम मिसळतो. खाल्लेले तेल जसेच्या तसे चेहऱ्यावर येत नाही.

रंध्र तेलाने व मृत पेशींनी बुजले की मुरूम उठतो. डोक्यास भरपूर तेल चोपडल्यास कपाळावर मुरूम येऊ शकतात. यंत्रावर काम करणाऱ्यांच्या हातांवर व मांड्यांवर वंगणाने माखलेल्या कपड्यांमुळे पुटकुळ्या येतात. हे तेल शरीरातील नव्हे, बाहेरचे असते. त्यासाठी कपडे रोज बदलावेत आणि काम संपताच अंग साबणाने धुवावे.

काय करावे, काय टाळावे?

चेहरा दिवसातून दोनदा सौम्य साबणाने धुवावा. वारंवार घासल्याने ग्रंथींचे कार्य थांबत नाही; त्वचेचा मात्र दाह होतो. मुरूम फोडू नयेत. कायमचे व्रण राहतात.

सर्वांत मोठा धोका ‘गोरेपणा’ देणाऱ्या मलमांचा आहे. त्यांपैकी काहींत स्टिरॉइड असते. प्रथम चेहरा उजळल्यासारखा वाटतो. पुढे त्वचा पातळ व लाल होते, मुरूम वाढतात आणि मलम सोडताच आग होते. केंद्र शासनाने २०१८ साली अशी अनेक स्टिरॉइडयुक्त मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकण्याच्या औषधांत समाविष्ट केली. दुकानदाराच्या सांगण्यावरून ती घेऊ नयेत.

मुलीच्या चेहऱ्यावर मुरमांबरोबर राठ केस येत असतील आणि पाळी अनियमित असेल, तर आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी.

तेलकट चेहऱ्याच्या विद्यार्थ्यास वर्गात ‘तोंड धुऊन ये’ असे सुनावल्याने तो चेहरा अधिकच घासतो किंवा चोरून मलम लावतो. शिक्षकांनी त्यास हे वयाचे व वंशाचे लक्षण असल्याचे समजावून सांगावे. त्याचा चेहरा व्रणांपासून वाचविण्याचा आरंभ तेथूनच होतो.